कोल्हापुरी गूळ आणि शोकाकुल पतंग

ॲमहर्स्ट, मॅसॅच्युसेट्स
20 ऑगस्ट

प्रिय नंदू,

तू बांधून दिलेल्या गुळाची अर्धी ढेप मी झाडांना फासली. आधी मनसोक्त शिव्या घाल, मग पुढचं वाच.

पिचकी केळी, गूळ, बिअर. दोन दिवस आंबवायचं आणि अंधारून आलं की ब्रशने खोडाला लावायचं. (घरात गुत्त्यासारखा वास सुटला. हिने डबा बाहेर काढायला लावला.) हा सगळा खटाटोप कॅटोकॅला नावाच्या पतंगांसाठी.

रात्री टॉर्च घेऊन गेलो तर ओकच्या खोडावर तिघं सोंड लावून बसलेले. पुढचे पंख म्हणजे थेट झाडाची साल, भेगांसकट. खिशातल्या किल्ल्या खणखणल्या आणि एक दचकला. त्यांना वटवाघळाची चाहूल घेणारे कान असतात, किल्ल्यांतूनही तसलाच बारीक आवाज निघतो. पंख सरकले आणि राखाडी घोंगडीखालून इरकली काठ दिसावा तसे लाल-काळे पट्टे! नावाचा ग्रीक अर्थच 'खाली सुंदर'.

बाकीची नावं ऐक. प्राण्या-वनस्पतींना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसने युरोपातल्यांना 'पॅक्टा', 'स्पॉन्सा', 'नुप्टा' म्हटलं: वाग्दत्ता, नवरी, लग्न झालेली. पुढे इथल्या काळ्या पंखांच्या जातींना 'विडुआ' म्हणजे विधवा, 'लॅक्रिमोसा' म्हणजे रडवी, आणि एकीला तर 'इन्सोलॅबिलिस', जिचं सांत्वनच होत नाही ती! काळा रंग दिसला की सुतक, एवढीच नाव देणाऱ्यांची अक्कल. बारशाला आपल्या आत्याबाई हव्या होत्या.

इथल्याच विद्यापीठातल्या थिओडोर सार्जंटने 1968 साली एक गंमत केली. पतंग स्वतःचा रंग बघून जागा निवडतो का, म्हणून त्याच्या डोळ्यांभोवतीचे खवलेच रंगवले. तरी पठ्ठे बसायला आपल्या नेहमीच्याच छटेवर! म्हणजे ती निवड उपजतच असावी. पुढे पिएट्रेविच आणि कॅमिल या संशोधकांनी ब्लू जे पक्ष्यांना या पतंगांच्या स्लाइड दाखवल्या. एकच जात ओळीने आली की पक्षी पटापट हेरायचे, दोन जाती मिसळल्या की ती सफाई यायची नाही. काकू तांदूळ निवडायच्या आठवतं? पांढऱ्या खड्यांवर नजर बसली की काळा सुटायचा.

आज सकाळी तेच झाड दहा मिनिटं न्याहाळलं. एकही दिसेना. कंटाळून खोडाला हात टेकला, तर बोटांजवळची सालच उडून गेली.

उरलेली अर्धी ढेप हिने कुलपात ठेवलीय. डिसेंबरात येतोय, दोन ढेपा सांगून ठेव.

तुझा,
बाळ्या