यंत्रमाग कामगारांच्या रक्तदाब तपासणीसाठी आवाहन

इचलकरंजी व परिसरातील सर्व कारखानदार, व्यापारी आणि नागरिक बंधू-भगिनींना नमस्कार.

बारा तासांची पाळी, कानठळ्या बसवणारी खटखट, त्यात रात्रपाळीचे जागरण. मागावरच्या माणसाचे डोके दुखले तर तो एक गोळी गिळतो आणि पुन्हा मागाकडे वळतो. रक्तदाब वाढलाय हे कित्येकांना कळतच नाही, कारण तो बहुधा काही त्रासच देत नाही. कळते ते थेट अर्धांगवायूच्या झटक्याने.

शिबिरे होतात, नाही असे नाही. पण खाडा केला की मजुरी बुडते, त्यामुळे ज्याच्यासाठी मंडप घातला तो कामगार तिकडे फिरकतच नाही. म्हणून यंदा आमच्या मंडळाने ठरवले आहे, की पाळी बदलताना आपणच कारखान्यात जायचे आणि दर महिन्याला त्याच कामगारांची नोंद ठेवायची.

मागावरून उठून आलेल्याचा दाब लगेच मोजला तर आकडा फसवा येतो. पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटे गप्प बसावे लागते. आधी अर्धा तास चहा नाही, तंबाखूचा मावा नाही. (यातले दुसरे किती अवघड, ते इथल्या माणसाला सांगायला नको!) तेव्हा कारखानदारांकडे पहिले मागणे पैशाचे नाही. दार लावून घेता येईल अशी एक खोली आणि पाळीच्या तोंडावर अर्धा तास, एवढे द्या.

आकडा १४०/९० किंवा त्याहून जास्त आला तर दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजू. तरीही तसाच राहिला, तर सोबत जाऊन सरकारी दवाखान्यात दाखवू. गोळ्या तिथे मोफत मिळतात, त्यामुळे औषधासाठी वर्गणी नको. बरे वाटले म्हणून गोळी परस्पर बंद करायची नाही, हे मात्र पुन्हा पुन्हा सांगावे लागणार. मिठाचेही तसेच. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ पुरे, म्हणजे जेमतेम चहाचा एक चमचा. डब्यातला खर्डा, लोणचे आणि टपरीवरचे फरसाण मिळून ते कधीच ओलांडले जाते.

उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशातून आलेले कामगार बरेच आहेत. त्यांच्याशी हिंदीत, जमल्यास ओडियात बोलणारे स्वयंसेवक हवेत. निवृत्त परिचारिका आल्या तर फारच उत्तम.

देणगी फक्त रक्तदाब मोजायची यंत्रे, जाड दंडासाठी मोठे पट्टे आणि नोंदवह्या यांसाठी आहे. ती मंडळाच्या कार्यालयात संध्याकाळी द्यावी, पावती जरूर घ्यावी. घरी पडून असलेले, चालू स्थितीतले यंत्रही चालेल. फक्त ते दंडावर बांधायचे असावे, मनगटावरचे नको.