आर्क्टिकमधल्या 'हिमाद्री' संशोधन केंद्रात एक पशुवैद्य पाठवा

प्रति,
माननीय मंत्री, पृथ्वी विज्ञान मंत्रालय, भारत सरकार

महोदय,

परळच्या पशुवैद्यक महाविद्यालयात शिकले आणि पुढे चौतीस वर्षं मुंबईतल्या भटक्या-पाळीव कुत्र्यांवर उपचार केले. डिस्टेंपर या विषाणूजन्य रोगाचं पिल्लू टेबलावर आलं की आधी नाकाडोळ्यांतून घाण, मग खोकला, आणि एके दिवशी जबड्याला झटके. झटके सुरू झाले की घरच्यांशी काय बोलावं तेच कळत नाही.

या विषाणूचा सख्खा भाऊ सीलना मारतो. १९८८ मध्ये उत्तर युरोपच्या किनाऱ्यांवर त्याने सुमारे १८ हजार हार्बर सील मेले, २००२ मध्ये सुमारे ३० हजार. हे दुखणं अटलांटिकच्या बाजूचं. पण २००४ मध्ये ते पॅसिफिकमध्ये, अलास्काच्या समुद्री ऑटरांत (पाणमांजरांत) सापडलं. आर्क्टिकचा बर्फ विरळ झाल्याने प्राण्यांना वाट मोकळी झाली आणि त्यांच्यासोबत रोगही गेला असावा, असा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला.

आपलं 'हिमाद्री' केंद्र २००८ पासून नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवर, काँग्सफ्योर्डेन या खाडीच्या काठी आहे. २०१४ पासून याच खाडीत आपलं 'इंडआर्क' हे पाण्याखाली ठेवलेलं यंत्र पाण्याचं तापमान आणि क्षारता मोजतं. आणि याच खाडीत रिंग्ड सील ही सीलची एक जात विते. मादी गोठलेल्या समुद्राला नख्यांनी भोक पाडते, वर साचलेल्या हिमात बीळ करते आणि आत एकच पिल्लू घालते. पिल्लाची पांढरी लव कोरडी असेतो ऊब देते, भिजली की संपलं. पावसाळ्यात गटारात पडलेली पिल्लं टॉवेलात गुंडाळून लोक माझ्याकडे धावत यायचे. तिथे टॉवेल घेऊन कोण येणार? २००६ पासून खाडीत पूर्वीसारखा बर्फ धरत नाही. तो उशिरा धरला, की हिम साचायला वेळ उरत नाही. मग बीळच होत नाही, पिल्लू उघड्यावर जन्मतं आणि अस्वल, कोल्हा, मोठे कुरव यांच्या तोंडी जातं.

२०११ मध्ये अलास्कात केस गळालेले, अंगावर व्रण असलेले रिंग्ड सील आढळले. कारण नक्की ठरलं नाही. पशुवैद्य म्हणून हे मला फार लागतं. कारण शोधायचं तर निरोगी जनावराचं रक्त आधीपासून जपलेलं लागतं. साथ आल्यावर ते कुठून आणणार?

२०२२ च्या आपल्या आर्क्टिक धोरणात विज्ञानाला पहिलं स्थान आहे. तेव्हा दरवर्षीच्या पथकात एक पशुवैद्य असावा, एवढंच माझं मागणं आहे. खाडीतल्या सीलचा अभ्यास नॉर्वेचे शास्त्रज्ञ अनेक वर्षं करत आले आहेत. त्यांच्या परवानगीने, त्यांच्यासोबत रक्ताचे आणि नाकातल्या स्रावाचे नमुने घ्यावेत. त्यांवर 'इंडआर्क'च्या त्याच आठवड्याच्या नोंदीची तारीख असावी आणि पहिले नमुने येत्या विणीच्या हंगामातच, एप्रिलमध्ये, घेतले जावेत.

आपली,
परळची एक निवृत्त पशुवैद्य