टेबल निविदेने येते, देह येत नाही : वैद्यकीय शिक्षण मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. वैद्यकीय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : नव्या शासकीय महाविद्यालयांतील शरीररचनाशास्त्र विभाग; देहदानाचा स्वीकार व एम्बामिंगची (देह टिकवण्यासाठी वाहिन्यांतून रासायनिक द्रावण भरण्याची) व्यवस्था

सन्माननीय महोदय,

ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्यात दहा शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे एकाच दिवशी उद्घाटन झाले. मुंबई, नाशिक, जालना, अमरावती, गडचिरोली, बुलढाणा, वाशिम, भंडारा, हिंगोली आणि अंबरनाथ. एमबीबीएसच्या ९०० जागा वाढल्या, त्याही बहुतांश अशा जिल्ह्यांत की जिथे डॉक्टर जायला तयार नसतात. याचे स्वागतच आहे. मात्र पहिल्या वर्षाचा विद्यार्थी वॉर्डात फारसा जात नाही. त्याचा बराचसा वेळ शरीररचनाशास्त्राच्या डिसेक्शन हॉलमध्ये जातो. त्यामुळे नवे महाविद्यालय खरोखर चालू झाले आहे की नाही, हे आधी त्या हॉलमध्ये कळते.

हल्ली नव्या विभागाच्या खरेदीच्या यादीत आभासी विच्छेदनाचे टेबल, म्हणजे पडद्यावर शरीर थराथराने उघडून दाखवणारे, बहुधा असतेच. त्याला आमचा विरोध नाही. सीटी स्कॅनचा छेद आणि प्रत्यक्ष अवयव यांची सांगड घालायला, परीक्षेआधी उजळणीला, भ्रूणाच्या वाढीचे टप्पे दाखवायला ते उत्तम आहे. पण त्याभोवती एका वेळी आठ-दहा विद्यार्थी उभे राहतात, वर्ग शंभरचा असतो. शिवाय काखेतल्या चरबीतून नस (मज्जातंतू), शीर आणि धमनी वेगळी काढताना बोटांना जो फरक कळतो, तो काचेवर बोट फिरवून कळत नाही. नस दोरीसारखी घट्ट लागते, धमनी पोकळ पण जाड भिंतीची, शीर दाबली की चपटी होते. पुढे ऑपरेशन करताना शल्यचिकित्सकाला याच ओळखीचा आधार असतो. टेबल एका निविदेत येऊन जाते. देह निविदेने येत नाही, म्हणून तो भाग मागे राहतो. हे पत्र त्या मागे राहिलेल्या भागाबद्दल आहे.

दहा विद्यार्थ्यांमागे एक देह हे आमच्या विषयातले जुने, मान्य प्रमाण. शंभर जागांच्या महाविद्यालयाला वर्षाला दहा देह लागतात. एखादा नीट जतन झाला नाही तर हाताशी असावेत म्हणून वर दोन-तीन. एम्बामिंग झाल्याबरोबर त्यावर काम सुरू करता येत नाही. द्रावण ऊतींत मुरायला काही आठवडे लागतात, दोन-तीन महिने मिळाले तर उत्तम. प्रवेशफेऱ्या लांबून वर्ग सप्टेंबर-ऑक्टोबरला सुरू होतात असे धरले, तर देह जूनपर्यंत टाकीत असले पाहिजेत. म्हणजे साठा करायचा तो मार्च ते मे या महिन्यांत, आणि विदर्भ-मराठवाड्यात नेमक्या त्याच महिन्यांत देह सर्वांत लवकर खराब होतो.

खराब होणे म्हणजे काय, तेही सांगतो. मृत्यूनंतर आतड्यातले जिवाणू थांबत नाहीत. पोटाच्या उजव्या खालच्या भागात, जिथे मोठ्या आतड्याची सुरुवात त्वचेच्या सर्वांत जवळ असते, तिथे हिरवट डाग दिसू लागतो. थंडीत त्याला दीड-दोन दिवस लागतात, मे महिन्यात बारा तासांच्या आतही तो दिसू शकतो. मेंदू त्याहून नाजूक. उशिरा एम्बामिंग केलेल्या देहाची कवटी उघडली की मेंदू लापशीसारखा हाती येतो आणि त्या वर्षी मेंदूचे विच्छेदन जुन्या बरणीतल्या नमुन्यावर भागवावे लागते. म्हणून उन्हाळ्यात मृत्यूनंतर सहा-आठ तासांत द्रावण आत गेले पाहिजे, नाहीतर देह ४ अंश सेल्सिअसच्या शीतपेटीत तरी. त्या शीतपेटीला जनित्राची जोड हवी, हे वेगळे सांगायला नको. पण इमारतीच्या आराखड्यात जनित्राची लाइन शस्त्रक्रियागृहाला आणि अतिदक्षता विभागाला जाते, डिसेक्शन हॉल राहून जातो.

हे सहा-आठ तास कुठे जातात? रस्त्यात कमी, कागदात जास्त. घरी वृद्ध व्यक्ती रात्री दहाला गेली असे धरा. देहदानाचा अर्ज दहा वर्षांपूर्वी भरलेला आहे, मुलेही तयार आहेत. महाविद्यालय देह घेण्याआधी मृत्यूच्या कारणाचे प्रमाणपत्र मागते, आणि ते मागितलेच पाहिजे. रुग्णालयातल्या मृत्यूला नमुना ४, घरच्या मृत्यूला नमुना ४-अ. हा ४-अ शेवटच्या आजारात उपचार केलेल्या डॉक्टरने द्यायचा असतो. गावात फॅमिली डॉक्टर रात्री भेटत नाही, भेटला तरी कोरा नमुना त्याच्याकडे नसतो, असला तरी ‘पोलिसांचे काही होणार नाही ना’ म्हणून तो सही टाळतो. १०८ रुग्णवाहिका जिवंत रुग्णासाठी आहे, ती देह नेत नाही. शववाहिका नगरपालिकेची असेल तर ती शहराच्या हद्दीबाहेर येत नाही. महाविद्यालयाचा दूरध्वनी कार्यालयीन वेळेत उचलला जातो. या सगळ्यातून सकाळ होते, नातेवाईक जमतात, कुणीतरी वडीलधारे म्हणतात, आता किती वेळ ठेवायचे, आणि अंत्यसंस्कार होतो. देहदानाचा अर्ज भरणारे कमी आहेत असे सर्रास म्हटले जाते. भरलेल्या अर्जांपैकी किती देह प्रत्यक्ष पोचले, याची नोंद प्रत्येक महाविद्यालयाकडून मागवून पाहावी, अशी आमची विनंती आहे.

अवयवदानासाठी राज्यात मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर अशा चार विभागीय समन्वय समित्या आहेत आणि त्यांचे समन्वयक चोवीस तास फोनवर असतात. तशी वेगळी यंत्रणा उभारण्याचीही गरज नाही. जिल्हा शल्यचिकित्सकांच्या नियंत्रण कक्षात देहदानाचा एक क्रमांक, एक शववाहिका आणि कोऱ्या ४-अ नमुन्यांचा गठ्ठा एवढे केले तरी बरेच भागेल. घरी मृत्यू झाल्यास देह पाहून, कागदपत्रे तपासून प्रमाणपत्राची अडचण सोडवायला प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्याला स्पष्ट लेखी सूचना द्याव्यात. संशयास्पद किंवा अपघाती मृत्यू, शवविच्छेदन झालेला देह, एचआयव्ही, हिपॅटायटिस बी-सी, क्षयरोग, गँग्रीन अशी कारणे असतील तर देह स्वीकारता येत नाही. हे कुटुंबाला अर्ज भरतानाच छापील कागदावर मिळाले पाहिजे, दारात शववाहिका आल्यावर नव्हे. नेत्रदान मात्र देहदानासोबतही करता येते. सहा तासांत बुब्बुळ काढून घेतले तर देहदानाला काही अडचण येत नाही, हे बऱ्याच कुटुंबांना माहीत नसते.

आता विभागाच्या आतले. मांडीच्या वरच्या भागात फीमोरल धमनी उघडून तिच्यात कॅन्युला (बारीक नळी) बसवतात, एकदा वरच्या दिशेने, एकदा पायाकडे. मध्यम बांध्याच्या देहाला साधारण दहा लिटर द्रावण लागते. त्यात फॉर्मॅलिन (फॉर्मल्डिहाइड वायूचे पाण्यातले द्रावण) एक-दीड लिटर, बाकी स्पिरिट किंवा मिथेनॉल, ग्लिसरीन, थोडे फिनॉल, बुरशीसाठी थायमॉल आणि पाणी. प्रमाण विभागागणिक थोडे बदलते. पंप नसेल तर डबा टेबलाच्या दोन मीटर वर टांगून नुसत्या उंचीच्या दाबावर द्रावण सोडतात. घाई केली, दाब वाढवला तर बारीक वाहिन्या फुटतात आणि चेहरा सुजतो. फॉर्मॅलिन जास्त कडक केले तर वाहिन्यांजवळच्या ऊती आधी घट्ट होतात आणि द्रावण पुढे जातच नाही. कपाळावरच्या शिरा फुगल्या, हातपाय ताठरले की समजायचे, पोचते आहे. वयोवृद्ध दात्यांच्या धमन्यांत चुनखडी जमलेली असते, गुठळ्या असतात. मग बोटे, नितंब, तळपाय कोरडे राहतात आणि तिथे सुईने वेगळे भरावे लागते. हे कुठल्याही पुस्तकात वाचून एका दिवसात येत नाही. ते हॉलच्या अटेंडंटच्या हातात असते. हे पद चतुर्थ श्रेणीत, नव्या महाविद्यालयांत कंत्राटी, आणि दर अकरा महिन्यांनी माणूस बदलला तर दरवर्षी दोन-तीन देह शिकण्यातच वाया जातात. जुन्या महाविद्यालयांत, नागपूर, मुंबई, पुणे इथे, हे काम वर्षानुवर्षे करणारे अटेंडंट आहेत. निवृत्तीच्या आधी त्यांच्याकडे नव्यांना सहा महिने पाठवावे, प्रवासभत्त्यासह.

१ मे २०२५ पासून अध्यापकांची हजेरी चेहरा ओळखून, जागेच्या नोंदीसह लागते. चांगले आहे. पण रात्री अकराला देह उतरवून घ्यायला कोण येतो, हे त्या हजेरीत कुठेच दिसत नाही, आणि त्याला त्याचा मोबदलाही नाही.

खरेदीतही एक बारीक गोष्ट आहे. फॉर्मॅलिन वर्षाचे एकदम मागवले जाते आणि पत्र्याच्या शेडमध्ये ठेवले जाते. जुन्या, थंडीत राहिलेल्या कॅनच्या तळाला पांढरा साका बसतो. तो पॅराफॉर्मल्डिहाइडचा असतो. असे द्रावण पातळ पडते आणि कॅन्युलाही तुंबते. खरेदी प्राधिकरणाने तिमाही पुरवठ्याचा दरकरार करावा, आणि ग्लिसरीन, थायमॉल किरकोळ म्हणून यादीतून कापू नयेत. ग्लिसरीन नसेल तर देह मार्चपर्यंत सुक्या चामड्यासारखा होतो.

मऊ देह हवा तर ऑस्ट्रियातील ग्राझच्या वाल्टर थील यांची १९९२ ची पद्धत आहे. सांधे हलतात, रंग टिकतो, शल्यक्रियेच्या कार्यशाळांना फार उपयोगी. पण तिच्या द्रावणात अमोनियम नायट्रेट लागते आणि ते २०१२ च्या नियमांनुसार स्फोटक म्हणून नियंत्रित आहे. परवाना देणाऱ्या केंद्राच्या पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटनेचे (पेसो) मुख्यालय नागपुरातच आहे. राज्याने सर्व महाविद्यालयांसाठी एकत्र अर्ज केला तर प्रत्येक विभागप्रमुखाला वेगळी फाइल फिरवावी लागणार नाही.

हवेचा मुद्दा सर्वांत सोपा आणि सर्वांत दुर्लक्षित. फॉर्मल्डिहाइड हे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या यादीत पहिल्या गटात, म्हणजे माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांत आहे. नव्या हॉलमध्ये छताजवळ एक्झॉस्ट पंखे आणि भिंतीवर स्प्लिट एसी असतो. एसी तीच हवा फिरवतो. छतावरचा पंखा टेबलावरची वाफ वर ओढतो, म्हणजे आधी वाकलेल्या विद्यार्थ्याच्या नाकातोंडावरून नेतो. शोषण टेबलाच्या पातळीला किंवा खालून हवे आणि ताजी हवा वरून. एन-९५ मास्क वायू अडवत नाही, त्याचा इथे उपयोग नाही. वापरलेले फॉर्मॅलिन २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांत पिवळ्या वर्गात येते; ते वेगळ्या नळीने सांडपाणी प्रक्रियेकडे गेले पाहिजे. हॉलचे सिंक सरळ गटाराला जोडलेले असेल तर ते आत्ताच, फरशा बसण्याआधी बदलून घेणे स्वस्त पडेल.

गडचिरोली ते नागपूर सुमारे १७० किलोमीटर आहे. शहरातल्या महाविद्यालयांकडे एखाद्या वर्षी गरजेपेक्षा जास्त देह येतात, जिल्ह्यातल्याला चारही मिळत नाहीत. एम्बामिंग झालेला देह एका महाविद्यालयातून दुसऱ्याकडे द्यायचा तर मंजुरीचा पत्रव्यवहार महिनोन्महिने चालू नये. दोन अधिष्ठात्यांची सही आणि संचालनालयाला सूचना, एवढ्यावर ते व्हावे. त्यासाठी आवश्यक तर १९४९ च्या ॲनाटमी अधिनियमाखालच्या नियमांत दुरुस्ती करावी. दात्याच्या कुटुंबाला मात्र देह कुठे गेला हे कळवणे बंधनकारक असावे.

यातले हस्तांतराचे परिपत्रक, देहदानाचा क्रमांक आणि ४-अ बद्दलची सूचना या तिन्हींना वेगळा निधी लागत नाही. येत्या मार्चपूर्वी निघाल्या तर पुढच्या तुकडीच्या देहांसाठी त्यांचा उपयोग होईल.

आपले नम्र,
शरीररचनाशास्त्राचे अध्यापक