आईच्या पाटल्या आणि बोरमाळ एकत्र आटवल्याबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक तक्रार विभाग,
दादर (पश्चिम), मुंबई.

महोदय,

मुलीच्या लग्नासाठी चार बांगड्या घडवायला मी गेल्या महिन्यात माझ्या आईच्या पाटल्यांची जोडी आणि बोरमाळ तुमच्या पेढीवर मोडीत दिली. बांगड्यांबद्दल माझी तक्रार नाही. घडण सुबक आहे, चारही नगांवर हॉलमार्क आहे, भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर अ‍ॅपवर एचयूआयडी, म्हणजे नगावरचा हॉलमार्क क्रमांक, टाकून मी स्वतः तपासून पाहिलं. तक्रार आहे ती जुन्या सोन्याच्या हिशोबाची.

पाटल्या भरल्या ३०.१२० ग्रॅम, बोरमाळ १६.३५०. कॅरेट मीटरवर पाटल्यांची शुद्धता ९०.४० टक्के आली. बोरमाळेचे मणी पोकळ आणि आत लाखेचा भराव, म्हणून ती वेगळी आटवा आणि माझ्यासमोर आटवा, असं मी काउंटरवर दोनदा सांगितलं. तुमच्या माणसाने पावतीच्या कोपऱ्यात पेन्सिलीने ‘वेगळे’ असं लिहिलंही. त्याची प्रत सोबत जोडली आहे. दुसऱ्या दिवशी अकराला बोलावलं. मी पावणेअकराला पोचले, तर दोन्ही एकत्र आटवून लगड तयार! वजन ४०.२१०, शुद्धता ८६.५० टक्के. गेलेल्या ६.२६० ग्रॅमपुढे एकच शब्द लिहिला होता : घट.

त्यात लाख किती, डाख (सांधे जोडायचा हलका धातू) किती, मळ किती? विचारल्यावर ‘जुन्या दागिन्यात एवढं जातंच’ असं उत्तर मिळालं. मी घरी हिशोब मांडला. लगडीत शुद्ध सोनं साधारण ३४.७८ ग्रॅम होतं. त्यातले २७.२३ तुमच्याच मीटरप्रमाणे पाटल्यांचे. म्हणजे बोरमाळेतून निघालं जेमतेम साडेसात ग्रॅम. सगळी घट लाखेचीच धरली तरी बोरमाळेचं सोनं १८ कॅरेटपर्यंतसुद्धा पोचत नाही. मीटर वरवरचंच सोनं वाचतं आणि डाखाने कस उतरतो, हे मला कळतं. पण म्हणूनच तर दोन्ही वेगळं आटवायचं होतं. एका मुशीत घातल्यावर आता कशाचं काय गेलं हे तुम्हीही सांगू शकत नाही आणि मीही नाही.

ही बोरमाळ आईने लालबागला गिरणी कामगारांची खानावळ चालवून केली होती. १९८२ च्या संपात जेवणारेच गावी निघून गेले तेव्हा ती गहाण पडली, आणि पुढे तिने पै पै जमवून ती सोडवली. उजव्या हातातल्या पाटलीची कड भाकऱ्या थापताना परातीच्या काठाला घासून चपटी झाली होती. ती मोडताना माझा हात थरथरत होता. सोनं माझ्या डोळ्यांदेखत वितळलं असतं तर निदान मनाला रुखरुख राहिली नसती.

नव्या दागिन्यावर २०२१ पासून हॉलमार्क सक्तीचा झाला. जुन्या सोन्याच्या बाबतीत गिऱ्हाइकाकडे त्याचे स्वतःचे डोळे सोडून दुसरा पुरावा नसतो. तुम्ही तोच काढून घेतलात.

आटणीची मूळ नोंद आणि त्या सकाळचं आटणी विभागातलं सीसीटीव्ही चित्रण मला दाखवा. लाखेचं वजन वेगळं दाखवता येत नसेल, तर बोरमाळेचं सोनं पाटल्यांच्याच शुद्धतेचं धरून त्या दिवसाच्या भावाने फरक परत करा. पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही, तर मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन.

आपली ग्राहक,
लालबाग, मुंबई