आजोबांची फाईल

पेझली, स्कॉटलंड
१६ नोव्हेंबर

प्रिय शैला,

तुझं पत्र दिवाळीआधीच मिळालं, उत्तर आज लिहितेय. रागावू नकोस. इथे हल्ली चारलाच अंधारून येतं. कामावरून आले, चहा केला आणि म्हटलं आज लिहायचंच. हे तुझ्याशिवाय कुणाला सांगू?

सकाळी मी म्हाताऱ्या माणसांच्या घरी जाते ना, आंघोळ घालायला, औषधं द्यायला, त्यांतले एक आजोबा आहेत. वय ब्याऐंशी. पहिल्या दिवशी त्यांच्यापुढे ओट्सची लापशी ठेवली. इथे जुनी माणसं ती मीठ घालून खातात. आजोबांनी डावा हात वाडग्याभोवती वळवून कुंपण केलं आणि मान वर न करता भराभर संपवली. शैले, पोटात कालवलं गं माझ्या. पंगतीला आपण अशाच बसायचो. काही दिवसांनी मीच त्यांना सांगितलं की मी आश्रमात वाढले. ते बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "मीही होमचाच पोर, हेन." होम म्हणजे इथला मुलांचा आश्रम, आणि बाईमाणसाला इथे मायेनं हेन म्हणतात.

पाच वर्षांचे असताना त्यांना होममध्ये आणलं, बरोबर आठ वर्षांची बहीण. दारातूनच तिला मुलींच्या बाजूला नेलं आणि यांना मुलांच्या. मग भेट फक्त रविवारी चर्चमध्ये, तीसुद्धा लांबून. ती पलीकडच्या बाकावर. मागे वळून बघितलं तर मार बसायचा, म्हणून तिनं युक्ती काढली. प्रार्थना सुरू झाली की ती दोनदा खोकायची. हे एकदा खोकून उत्तर द्यायचे. म्हणजे मी आहे, बरी आहे. मीपण आहे. सात वर्षं, दर रविवारी.

सगळंच वाईट होतं असं ते म्हणत नाहीत. ऑक्टोबरात इथल्या शाळांना बटाटे काढायची सुट्टी असायची. पोरं दिवसभर वाकून बटाटे वेचायची, बोटं गारठून जायची. पण दुपारी शेतकऱ्याची बायको जॅम लावलेला जाड पाव द्यायची. त्याला इथे 'पीस' म्हणतात. तिनं एकदा यांचं नाव विचारलं होतं. होममध्ये कपड्यांच्या खुंटीपासून बुटांपर्यंत सगळीकडे नंबर. ती बाई त्यांना अजून आठवते, तिच्या एप्रनसकट.

त्यांच्या होमचं नाव मी लिहीत नाही. पण अशी जागा डोळ्यांनी बघावीशी वाटली, म्हणून मागच्या रविवारी जवळच्याच क्वॉरिअर्स व्हिलेजला जाऊन आले. विल्यम क्वॉरिअर हा ग्लासगोचा बुटांचा व्यापारी, स्वतः गरिबीतून वर आलेला. १८७८ साली त्यानं तिथे अनाथ मुलांसाठी पहिली घरं उघडली. हळूहळू अख्खं गाव झालं, मधोमध मोठं चर्च. प्रत्येक घराला एक 'आई' आणि एक 'बाप' नेमलेला. मुलांची घरं निराळी, मुलींची निराळी. आता त्या घरांत साधी कुटुंबं राहतात, दारात सायकली पडलेल्या असतात. तिथून सुमारे ७,००० मुलं बोटीनं कॅनडाला पाठवली होती, आजोबांच्या आधीच्या पिढ्यांतली. हे त्यांना सांगितलं तर म्हणाले, "माझी निदान ऐकू तरी यायची."

बहीण पंधरा वर्षांची झाल्यावर तिला कुठेतरी घरकामाला लावलं. कुठे ते यांना कुणी सांगितलं नाही. एका रविवारी खोकला आला नाही, एवढंच.

२००४ साली इथल्या मुख्यमंत्र्यांनी संसदेत होममध्ये छळ सोसलेल्या मुलांची माफी मागितली. २०२१ मध्ये भरपाईचा कायदाही झाला, दहा हजार पौंडांपासून पुढे मिळतात. आजोबांना पैसे नको होते. त्यांना फाईल हवी होती. अर्ज मीच लिहून दिला. चार महिन्यांनी पाकीट आलं. दहा वर्षांची अकरा पानं, आणि त्यांतल्या अर्ध्या ओळींवर काळी शाई फिरवलेली. दुसऱ्याची माहिती उघड करता येत नाही म्हणे. बहीण ही दुसरी!

चष्मा सापडेना, म्हणून मीच वाचून दाखवत होते. सातव्या पानावर एक ओळ: 'मुलगा चर्चमध्ये फार खोकतो. डॉक्टरांना दाखवले. छातीत दोष नाही.'

आजोबा हसायला लागले. हसता हसता रडायला लागले. मग खिडकीकडे तोंड करून एकदा खोकले. मला काही सुचेना. मी त्यांचा हात धरून बसले, पुढच्या घरी पोचायला उशीर झाला.

शैला, आपली फाईल कोण ठेवणार होतं? बाई गेल्या, रजिस्टरं पुरात गेली. पण मी आश्रमात आले त्या दिवशी तू ओसरीवर बसली होतीस, असं तूच एकदा म्हणाली होतीस. माझ्या अंगावर कोणता फ्रॉक होता गं? मला सोडायला आलेलं माणूस बाई होती की पुरुष? जाताना त्यानं मागे वळून बघितलं का? आठवेल तेवढं लिही. लगेच लिही.

तुझी,
मंदा