तेलाच्या मुलखातलं गाणं आणि दाराशी भरलेली बॅग

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत अमेरिकी कंट्री संगीतावरचा लेख वाचला. टेक्सासच्या तेलपट्ट्यातल्या कामगाराचं जगणं सांगणारं एक गाणं तिथल्या श्रोत्यांनी डोक्यावर घेतलं, याचा लेखकाला फार राग आलेला दिसतो. त्या श्रोत्यांना त्याने ‘धूर ओकणाऱ्या धंद्याची आरती करणारे भाबडे’ ठरवून टाकलं आहे. ते गाणं मी ऐकलं आहे, तेही टेक्सासातल्या मिडलंड गावात, त्याच भाबड्यांच्या शेजारी बसून. शिवाय १९८१ ते २०१४ अशी तेहेतीस वर्षं मी बॉम्बे हाय या समुद्रातल्या तेलक्षेत्रावर ड्रिलिंगमध्ये काढली (कागदोपत्री ते कधीच मुंबई हाय झालं, आमच्या तोंडी बॉम्बेच राहिलं). तेव्हा पत्र थोडं लांबलं तर सांभाळून घ्यावं.

माझा पुतण्या मिडलंडला इंजिनिअर आहे. मागच्या हिवाळ्यात आम्ही नवराबायको तीन महिने त्याच्याकडे होतो. हा सगळा भाग पर्मियन खोऱ्याचा. अमेरिकेचं जवळजवळ निम्मं कच्चं तेल इथून निघतं. पर्मियन हे नाव रशियातल्या पर्म शहरावरून आलं, पण हे तिथल्या माणसाला सांगायला जाऊ नये, तो संशयाने बघतो. सपाट माळ, मेस्किटची खुरटी झुडपं, पांढऱ्या मुरमाचे रस्ते आणि रात्रंदिवस माना हलवणारे पंप.

पुतण्याच्या शेजारी सत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ राहतात. तेलविहीर खोदणाऱ्या रिगवर रफनेक, म्हणजे अंगमेहनतीचा मजूर, म्हणून लागले आणि डेरिकमन, म्हणजे मनोऱ्यावर चढून पाइप सांभाळणारा, म्हणून निवृत्त झाले. संध्याकाळी गॅरेजचं शटर वर करून घडीच्या खुर्चीत रेडिओ ऐकत बसतात. त्यांचं इंग्रजी मला अर्धंच कळायचं, पण धंद्याचे शब्द दोन्हीकडे तेच. पहिल्या दिवशी त्यांनी उजवा हात पुढे केला, त्यातली दोन बोटं पहिल्या पेरापाशीच संपलेली. पूर्वी पाइप जोडताना त्याला साखळीचे वेढे देऊन फिरवत असत. त्या साखळीने किती जणांची बोटं खाल्ली याची गणती नाही. मी माझा हात पुढे केला. त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाले, “सगळी बोटं शाबूत! म्हणजे तू ब्रेकवर उभा राहिलास.” खरंच होतं. शेवटची सोळा वर्षं मी ड्रिलर होतो, आणि ब्रेकचा दांडा ड्रिलरच्याच हातात असतो.

ते गाणं लागलं तेव्हा म्हातारबुवांनी सूर वगैरेकडे लक्ष दिलं नाही. एका शब्दावर मात्र खुर्चीच्या हातावर थाप मारली. रिगवर कामाच्या पाळीला जो शब्द आहे तो लिहितात ‘टूर’, पण म्हणतात ‘टॉवर’. रात्रीची पाळी म्हणजे नाइट टॉवर. गायकाने तो बरोबर उच्चारला होता. “हा गडी वर चढलेला आहे,” म्हातारबुवा म्हणाले. पगाराच्या ओळीला ते मोठ्याने हसले. पुढे पहाटे चारला पोरं झोपेत असताना माणूस गाडी काढतो असं कडवं आलं, तेव्हा ते उठले आणि हत्यारांच्या पेटीत काहीतरी शोधू लागले. कडवं संपेपर्यंत शोधत होते. सापडलं काहीच नाही.

लेखकाला जी आरती वाटली ती ही. तिथला श्रोता गाणं एखाद्या फोरमनसारखं तपासून घेतो. चूक सापडली की गायक गेलाच. टोबी कीथ या कंट्री गायकाला तिकडे अजून मानतात (फेब्रुवारी २०२४ मध्ये गेला), कारण तो गायक होण्याआधी ओक्लाहोमाच्या रिगवर राबला होता आणि ऐंशीच्या दशकातल्या मंदीत त्याचंही काम गेलं होतं.

आणि सगळेच डोक्यावर घेतात असंही नाही. एका रविवारी पुतण्याच्या मित्राकडे जेवायला गेलो होतो. तिथे चार-पाच जणींचे नवरे चौदा दिवस कामावर, चौदा दिवस घरी असे. त्या चौदा दिवसांच्या खेपेला तिकडे ‘हिच’ म्हणतात. गाण्याचा विषय निघाला तशी एक म्हणाली, “गाणं पिकअपबरोबर निघून जातं. आम्ही मागे, फुटलेल्या नळाच्या बाथरूममध्ये.” एवढी नेमकी समीक्षा आपल्या पुरवणीतही आलेली नाही, क्षमस्व.

आमच्या सौभाग्यवतींना इंग्रजी गाण्यातलं फारसं कळत नाही, पण हे वाक्य पुतण्याने मराठीत सांगितल्यावर त्या थांबेनात. आमचंही चौदा-चौदाच होतं. जुहूहून हेलिकॉप्टर, दीड-पावणेदोनशे किलोमीटर समुद्रात रिग, पंधराव्या दिवशी परत. त्यांचा हिशेब असा: पहिले तीन दिवस नवरा पाहुणा, मधले आठ दिवस बाप, शेवटचे तीन दिवस दाराशी बॅग. भांडण काढायचं तर मधल्या आठ दिवसांत, कारण पाहुण्याशी भांडू नये आणि निघणाऱ्याशी तर मुळीच नाही. दोन गणपती सोडून तिसऱ्याला मी घरी, आणि मुलीच्या दहावीच्या निकालाची बातमी मला रेडिओरूममधून मिळालेली. हे सगळं त्या बायकांनी भाषांतराची वाट न बघता समजून घेतलं.

लेखक म्हणतो, या लोकांना तेलाचं आंधळं प्रेम आहे. तेलाने जेवढं त्यांना फसवलं तेवढं इतर कोणाला फसवलं असेल? १९८३ मध्ये मिडलंडची फर्स्ट नॅशनल बँक बुडाली, गावातली सर्वांत मोठी. १९८६ मध्ये पिंपाचा भाव वर्षभरात पंचवीसच्या वरून दहा-बारा डॉलरवर आला. त्या काळात गाड्यांच्या मागे एक स्टिकर असायचं. त्याचा मथितार्थ: देवा, आणखी एकदा तेजी दे, या खेपेला पैसे उधळणार नाही. (मूळ शब्द आपल्या वृत्तपत्रात छापण्यासारखे नाहीत.) आणि २० एप्रिल २०२० ला तर भाव शून्याच्याही खाली गेला, उणे ३७.६३ डॉलर. लॉकडाऊनमुळे तेलाला गिऱ्हाईक नाही, ओक्लाहोमातल्या कुशिंग गावच्या तेलसाठ्याच्या टाक्या भरत आलेल्या, तेव्हा ज्याच्या नावावर माल होता तोच पैसे देऊन तो दुसऱ्याच्या गळ्यात मारू लागला. शेजारच्या म्हातारबुवांचा मुलगा त्या वसंतात घरी बसला. दारातल्या पिकअपवर ‘विकणे आहे’ची पाटी लागली. गाण्यातल्या नव्या पिकअपचे हप्ते कोण फेडतो, हे त्या घराला विचारावं.

एक मात्र कबूल करतो. गाण्यात जे नाही त्याबद्दल लेखकाची तक्रार रास्त आहे. रात्री विमान मिडलंडला उतरताना खाली जाळून टाकलेल्या गॅसच्या ज्वाळा दिसतात, एखाद्या गावाच्या दिव्यांइतक्या. त्या गाण्यात नाहीत. वाळू आणि पाण्याच्या ट्रकांनी भरलेला २८५ क्रमांकाचा रस्ता, ज्याला स्थानिक लोक ‘मृत्यूचा रस्ता’ म्हणतात, तोही नाही. सडक्या अंड्याच्या वासाचा तो विषारी गॅसही नाही. त्याचं आम्हाला पहिल्याच दिवशी शिकवलं होतं: वास आला की सावध व्हा, आणि येता येता बंद झाला तर आधी पळा, कारण तो नाकच मारतो. तिथली तरुण पोरं हे बोलतात, गाणं आवडूनही बोलतात. पुतण्याच्या हाताखालचा एक पोरगा म्हणाला, गाणं बापाचं आहे, माझं नाही, मला पंचविशीतच पाठीचा पट्टा लागला.

हे ऐकताना माझ्या मनात एक वेगळीच खुटखुट होती. १९७४ मध्ये ‘सागर सम्राट’ या रिगने बॉम्बे हायला तेल शोधून काढलं, त्याला पन्नास वर्षं होऊन गेली. कोळ्यांच्या होडीवर आपल्याकडे किती गाणी, रिगवर एकही माझ्या कानावर नाही. २७ जुलै २००५ ला तिथे आग लागली, २२ जण गेले. मुंबई आदल्या दिवसाच्या पुरात बुडालेली, ती बातमीही बुडाली. कारण मला एवढंच दिसतं की रिगवर पंजाबी, आसामी, मल्याळी, मराठी सगळे एकत्र, आणि शिव्यांखेरीज सामाईक भाषा नाही.

निघायच्या आदल्या दिवशी म्हातारबुवांनी विचारलंच, तुमच्या रिगवर काय गायचे? मी सांगितलं, आमच्यात साताऱ्याकडचा एक क्रेन ऑपरेटर होता. आषाढी एकादशीला मेसमध्ये पालथ्या बादलीवर ताल धरून अभंग म्हणायचा. कशाबद्दल असतात, ते म्हणाले. मी वारी समजावली. लाखो माणसं घरदार सोडून पायी निघतात, पावसात चालतात, देवळापर्यंत जातात. ते गंभीर झाले.

“किती दिवसांची हिच?”

“आळंदीहून अठरा-एकोणीस.”

“आणि पगार?”

“नाही.”

बराच वेळ ते मान हलवत बसले, त्यांच्या मागे दिसणाऱ्या त्या पंपासारखी.

आपला,
एक निवृत्त ड्रिलर, नवीन पनवेल