उंच मुलाला रिंगखाली अडकवलं नाहीत म्हणून: होल्गर गेश्विंडनर यांना खुलं आभारपत्र

आदरणीय गेश्विंडनर सर,

स. न.

वर्गातला सगळ्यांत उंच मुलगा मैदानावर आला की आमच्याकडे त्याला थेट रिंगखाली उभं करतात. रिबाउंड (हुकून परत आलेला चेंडू) घे, वर टाक, एवढंच काम. शालेय स्पर्धा त्या जोरावर निघून जातात. पुढे समोर तेवढीच उंच मुलं आली की कळतं, याला ना ड्रिबल (चेंडू टप्पे देत नेणं) येतं, ना लांबून शॉट. तुमचा शिष्य, जर्मन बास्केटबॉलपटू डर्क नोवित्स्की २.१३ मीटर उंच. त्याचंही असं सहज होऊ शकलं असतं. तुम्ही होऊ दिलं नाहीत, म्हणून मुलांना बास्केटबॉल शिकवणारे आम्ही तुमचे मनापासून आभार मानतो.

१९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये पश्चिम जर्मनीकडून खेळलेले तुम्ही. जर्मनीतल्या व्युर्झबुर्ग शहरातल्या त्या पोराचा शॉट तुम्ही आधी गणितात बसवलात. रिंगचा व्यास सुमारे ४५ सेंटिमीटर, चेंडूचा २४. चेंडू जमिनीशी ४५ अंशांचा कोन करून उतरला तर त्याला मिळणारी वाट ३२ सेंटिमीटरच उरते. ३२ अंशांच्या आसपास ती जेमतेम चेंडूएवढी होते, आणि त्याहून सपाट आलेला चेंडू रिंगला न लागता आत जाऊच शकत नाही. मग चेंडूच्या वाटेची कमान हवी तेवढी उंच का करू नये? कारण तिला जोर जास्त लागतो, आणि जोर लावताना अंतर चुकतं. खेळाडूची उंची आणि हाताची लांबी धरून, छोटी चूक जिथे खपून जाते ती कमान तुम्ही शोधलीत. शॉट बसेनासा झाला की मुलं लगेच मनगटाला दोष देतात. आधी कमान बघायची, हे आम्ही तुमच्या कामातून घेतलं. सरावाच्या जोडीला तुम्ही त्याला संगीत आणि नौकानयनही करायला लावलंत. ताल आणि तोल असाही येतो, हे किती प्रशिक्षकांना सुचतं?

पुढचा प्रवास भराभर झाल्यासारखा दिसतो. जर्मनीच्या दुसऱ्या श्रेणीतला व्युर्झबुर्गचा संघ, मग मार्च १९९८ मध्ये सॅन अँटोनियोतल्या कुमारांच्या सामन्यात ३३ गुण आणि १४ रिबाउंड, त्याच जूनमध्ये एनबीए या अमेरिकी व्यावसायिक लीगचा ड्राफ्ट, म्हणजे संघांनी नवे खेळाडू निवडायची फेरी. मिलवॉकीने नवव्या क्रमांकावर निवडलं आणि लगेच डॅलसकडे दिलं. पण पहिल्या हंगामात सरासरी फक्त ८.२ गुणांची. परदेशी गेलेल्या खेळाडूचं करिअर बहुधा इथेच मोडतं: बाकावर बसून बसून हात बिघडतो, आणि तो दुरुस्त करणारं जवळ कोणी नसतं. तुम्ही होता. उन्हाळ्यात जर्मनीतल्या राटेल्सडोर्फच्या छोट्या जिममध्ये तोच शॉट पुन्हा पायापासून घासला जायचा. दुसऱ्या हंगामात सरासरी १७.५ झाली.

२००७ मध्ये तो एनबीएचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, पण अव्वल मानांकित डॅलस प्लेऑफच्या (हंगामाअखेरच्या बाद फेऱ्यांच्या) पहिल्याच फेरीत हरलं. तेव्हा तुम्ही त्याच्यासोबत ऑस्ट्रेलियात भटकायला गेलात. हेही प्रशिक्षणच, आणि आमच्या मते सगळ्यांत अवघड. २०११ मध्ये ओक्लाहोमा सिटीविरुद्ध ४८ गुण करताना त्याने २४ पैकी २४ फ्री थ्रो (फाउलनंतर मिळणारे मोकळे शॉट) बसवले, आणि त्याच वर्षी मायामीला हरवून डॅलस विजेतं झालं. एकाच संघाकडून २१ हंगाम, ३१,५६० गुण.

त्याचा एका पायावरचा, मागे झुकून मारलेला शॉट आज प्रत्येक मुलाला हवा असतो. उजवा गुडघा वर उचलला की बचावपटू लांब राहतो, चेंडू त्याच्या हाताच्या पलीकडून सुटतो. पण शरीर मागे जात असतं, त्यामुळे चेंडूचा पुढचा वेग तेवढा कमी होतो आणि कच्च्या पायाच्या मुलाचा शॉट रिंगच्या अलीकडेच पडतो. दोन्ही पायांवरचा सरळ शॉट पक्का झाल्याशिवाय आम्ही तो शिकवत नाही. मुलं रुसतात, पालकही विचारतात. तुमच्या शिकवण्याच्या क्रमाकडे बोट दाखवून आम्हाला ठाम राहता येतं, त्याबद्दल पुन्हा एकदा आभार.

आपले नम्र,
मुलांना बास्केटबॉल शिकवणारे काही प्रशिक्षक